मोजे कसे घालायचे

४ जून २०१० ला जॉन वुडन गेले तेव्हा मी सातवीत होतो आणि मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. वयाची शंभरी पूर्ण व्हायला त्यांना चारेक महिनेच बाकी होते. पण या माणसाने मला या महिन्यात रात्री दीड वाजेपर्यंत जागं ठेवलंय, म्हणून आज त्यांच्याबद्दल.

माझी आणि बास्केटबॉलची ओळख म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीममधला बारावा खेळाडू. थोडक्यात, पाण्याच्या बाटल्या. तरी वेड आहे ते आहेच. २०२४ च्या मे महिन्यात बिल वॉल्टन गेला, तेव्हा त्याचे जुने व्हिडिओ बघत बसलो होतो. गडी कुठल्याही विषयावरून निघाला तरी फिरून फिरून आपल्या कोचपाशी येऊन थांबायचा. पुढे स्वतःला मुलं झाल्यावर त्यांच्या डब्याच्या पिशव्यांवर हा वुडन यांची वचनं लिहून द्यायचा म्हणे! म्हटलं, बघूया तरी कोण हा बाबा.

तर वुडन म्हणजे यूसीएलएचे, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचे कोच. अमेरिकेतल्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्या संघाने १९६४ ते १९७५ या बारा मोसमांत दहा वेळा जिंकली. त्यातल्या सात सलग. १९७१ ते १९७४ मध्ये ओळीने ८८ सामने जिंकले, तो वेगळाच प्रकार. करीम अब्दुल-जब्बार त्यांचाच, वॉल्टनही त्यांचाच.

पण हे आकडे कुठेही मिळतात. मी अडकलो ते मोज्यांपाशी.

दरवर्षी पहिल्या सरावाला हे गृहस्थ देशातले सगळ्यात तगडे तरणेबांड खेळाडू समोर बसवायचे आणि मोजे कसे घालायचे ते शिकवायचे. खरंच. टाचेपाशी, बोटांपाशी चुणी राहता कामा नये. चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. मग बुटाची लेस कशी ओढायची, गाठ कशी मारायची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. सात फुटी माणसाला बालवाडीचा धडा! मग लक्षात आलं, की यात 'काळजी घ्या रे', 'फिट राहा रे' असलं काहीच नाही. नेमकं काय करायचं आणि का, बस्स.

आणि हे मोज्यांपुरतं नव्हतं. १९७४-७५ हा त्यांचा शेवटचा मोसम. त्यात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ पंधरा सरावांना वही घेऊन बसले आणि कोच काय काय बोलतो ते मोजत गेले. नोंदी झाल्या २३२६. त्यातल्या जवळजवळ पाऊणशे टक्के नोंदी निव्वळ माहितीच्या: काय कर, कसं कर, कधी कर. नुसतं कौतुक शंभरात सातेक वेळा, नुसती नाराजीही साधारण तेवढीच. भाषणबाजी जवळपास शून्य. कोणी चुकला की बरोबर कसं ते करून दाखवायचं, मग तू कसं केलंस ते दाखवायचं, मग परत बरोबर. सगळं मिळून पाच सेकंदांच्या आत, की पुढे चालू.

पाच सेकंदांमागे तयारी मात्र दांडगी. मूळचा शाळेत इंग्रजी शिकवणारा माणूस. दोन तासांच्या सरावाचं नियोजन करायला सहायकांबरोबर तितकाच वेळ बसायचे. मिनिटांचा हिशोब कार्डावर. गेल्या वर्षी याच दिवशी काय घेतलं होतं तेही वहीत बघायचे. आणि पहिलं विजेतेपद कधी? १९४८ मध्ये रुजू झाले, मिळालं १९६४ मध्ये. आपल्याकडे दोन क्वार्टर आकडे आले नाहीत तर लगेच री-ऑर्ग होतो... असो.

संत वगैरे करू नये कोणाला. सॅम गिल्बर्ट नावाचा एक धनाढ्य चाहता खेळाडूंना नियमाबाहेरच्या सवलती मिळवून द्यायचा. वुडन यांनी तिकडे पुरेसं बघितलं नाही, ही टीका मला रास्त वाटते. मोज्यातली चुणी दिसणाऱ्या माणसाला ते दिसू नये, हे खटकतंच.

आता माझं. वर्षभर झालं मला टीम लीड होऊन. टीममध्ये एक नवीन मुलगी आहे, कॉलेजमधून थेट आलेली. हुशार, पण गेले तीन महिने तिचा कोड परत परत तसाच यायचा आणि मी वैतागायचो. पंधरा दिवसांपूर्वी तिने दुसऱ्या टीममध्ये बदली मागितली. कारण विचारलं तर आधी काही बोलेना. मग म्हणाली, "तू एकतर 'छान' म्हणतोस, नाहीतर 'हे काय केलंयस' म्हणतोस. मी नक्की काय बदलू ते सांगत नाहीस कधी."

मला राग आला. अर्धा तास तिला न्याय, अर्धा तास मला न्याय, असं मनातल्या मनात कोर्ट चालवलं. मग रात्री तिच्या कोडवरच्या माझ्या सगळ्या कमेंट्स काढल्या आणि त्या दोघांसारखंच वही घेऊन मोजायला बसलो. एकेचाळीस. त्यातल्या सहा वाचून तिला काही करता आलं असतं. बाकीच्यांत 'पुन्हा बघ', 'हे चालणार नाही', 'सिरिअसली?' आणि दोन अंगठे. 'सिरिअसली?' तीन वेळा होतं. च्यायला, याला मी मेंटॉरिंग म्हणत होतो.

काल शनिवारी तिचा एकच मॉड्यूल घेऊन बसलो. ही क्वेरी लूपच्या बाहेर का काढायची, एररचा लॉग कुठे पकडायचा, या फंक्शनचे दोन तुकडे कुठे पाडायचे आणि का. प्रत्येक ठिकाणी आधी बरोबर कसं, मग तिचं, मग परत बरोबर. वीस मिनिटांच्या रिव्ह्यूसाठी पावणेदोन तास गेले. चहा दोनदा गार झाला. बायको म्हणाली, शनिवारी हापिसचं काम कशाला? काय सांगणार, मोजे घालतोय म्हणून?

तिला पाठवून दिलं. वर एवढंच लिहिलं, की बदलीचा अर्ज मी अडवणार नाही, पण हे तीन महिन्यांपूर्वीच द्यायला हवं होतं.

आज दुपारी उत्तर आलंय: "तिसऱ्या मुद्द्यात फंक्शन तिथे का तोडायचं ते नाही कळलं. उद्या अकराला बसूया?"

कार्ड लिहायला घेतलंय.