हौदाचा तळ

आमच्या अंगणात पोहण्याचा हौद आहे असे कळताच नव्या पाहुण्यांच्या मुद्रेवर आधी आदर आणि पाठोपाठ थोडा संशय उमटतो. जन्मभर शिक्षकी केलेल्या जोडप्यास हा थाट कोठून परवडला, असा तो संशय असतो. म्हणून प्रारंभीच खुलासा केलेला बरा. बडोद्याच्या सीमेवरील हे घर 2011 साली आमच्या मुलाने बांधले, हौदही त्याच्याच हौसेचा. 2013 मध्ये नोकरीनिमित्त तो मस्कतला गेला आणि घराबरोबर हौदही आम्हां उभयतांच्या पदरात पडला. घरातील तरुण मंडळी त्यास ‘पूल’ म्हणतात. आमच्या कानास पूल म्हटले की विश्वामित्रीवरचा पूल आठवतो, म्हणून आम्ही आपले ‘हौद’च म्हणतो.

हौद काही मोठा नव्हे. लांबी आठ मीटर, रुंदी चार, एका टोकास तीन फूट खोल आणि दुसऱ्या टोकास पाच. गणिताच्या मास्तरांस हिशेब केल्यावाचून चैन पडत नाही, तो हिशेब असा की यात सुमारे 38 हजार लिटर पाणी मावते. हे पाणी वर्षानुवर्षे तेच राहते. नदी वाहते, विहिरीस झरे असतात, परंतु हौदाच्या पाण्यास स्वतःहून शुद्ध होण्याचा कोणताच मार्ग नाही. ही साधी गोष्ट ध्यानी येण्यास आम्हांस दोन वर्षे लागली आणि तीही कशी ध्यानी आली, तेच सांगावयाचे आहे.

पाणी स्वच्छ ठेवणे म्हणजे काय, याविषयी आमची कल्पना दांडिया बाजारातील जुन्या वाड्यात घडलेली. पावसाळ्यात आजव्याच्या तलावाचे पाणी नळास गढूळ येई. तेव्हा आई हंड्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवून हंडा झाकून ठेवी. सकाळी तळाशी गाळ आणि वर काचेसारखे पाणी! दिसावयास निर्मळ ते स्वच्छ, एवढेच आमचे ज्ञान. हौदाच्या बाबतीत तर हे ज्ञानही आम्ही पाळले नाही.

आरंभीची कामे सोपी वाटली. पंप चालवावा, पाणी वाळूच्या गाळणीतून जाऊ द्यावे, तरंगती पाने जाळीने काढावीत. फाल्गुन-चैत्रात शेजारच्या कडुनिंबाची पाने आणि मागाहून फुलोरा पडे, तेव्हा दिवसातून तीनदा जाळी फिरवावी लागे. उत्तरायणानंतर तर निराळेच संकट. तुटलेल्या पतंगांचा मांजा पाण्यात पडे, तेथून पंपाच्या टोपलीत जाऊन असा गुंते की पंप गुदमरल्यासारखा आवाज करी. बडोद्यात हौद बांधणाऱ्याने 15 जानेवारीस पंप उघडून पाहावा, हा सल्ला आम्ही फुकट देतो.

औषधाचे काम मात्र आम्ही दुकानदारावर सोपविले होते. त्याने क्लोरीनच्या पांढऱ्या वड्या दिल्या, प्रत्येकी 200 ग्रॅमच्या. आठवड्यास तीन वड्या तरंगत्या डब्यात घालाव्या आणि बाटलीतील पिवळ्या थेंबांनी पाणी तपासावे. पाण्यास पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, असे त्याने सांगितले. एवढे सोपे शास्त्र आमच्या आवडीचे होते. आम्ही ते निष्ठेने पाळले.

2015 चा मे महिना उजाडला. जानेवारीपासून वड्या नियमित पडत होत्या, थेंब गडद पिवळे येत होते, तरी पाण्याचा रंग दुधट होऊ लागला. क्लोरीनचा उग्र दर्प येई, पोहणाऱ्यांचे डोळे लाल होत. आम्ही तर्क केला की औषध फार झाले. म्हणून आमरसाच्या रविवारच्या दोन दिवस आधी वड्यांचा डबाच बाहेर काढून ठेवला. या तर्काचा आम्हांस त्या वेळी थोडा अभिमानही वाटला होता.

त्या रविवारी ताईंच्या घरची सर्व मंडळी आली होती. पोरेबाळे धरून दहा-अकरा जण पाण्यात. पाणी ढवळले गेले तसे अधिकच पांढरे झाले. कोणी तरी म्हणाले, “आज तळ दिसत नाही.” आम्ही हसून म्हटले, “आंघोळीस आलात, तळ कशास पाहता?”

ताईंचा नातू तेव्हा सात वर्षांचा. उथळ टोकास भिंत धरून होता. तळास उतार आहे. पाय घसरला तो खोल बाजूस गेला. ओरड नाही, पाणी उडाले नाही. बुडणारे मूल हात हलवून हाका मारते ही आमची समजूत त्या दिवशी संपली. काठावर आम्ही चार मोठी माणसे बसलो होतो, पाण्यात तीन होती. कोणासही तो दिसला नाही, कारण त्या पाण्यात फूटभर खालचेही काही दिसत नव्हते. ताईंचे धाकटे जावई पोहत पलीकडे जात असता त्यांच्या पायास काही मऊ लागले. त्यांनी बुडी मारून त्याला वर काढले. मूल खोकले, ओकले आणि मग रडले. त्या रडण्याइतका गोड आवाज आम्ही जन्मात ऐकला नाही. डॉक्टरांनी एक रात्र रुग्णालयात ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी पाठविले. फुफ्फुसात पाणी गेलेल्या मुलास उशिराने त्रास होऊ शकतो, म्हणून ही खबरदारी.

ताई आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. आमरसाची पातेली तशीच राहिली. पुढे वर्षभर त्या या घरी आल्या नाहीत. राखीपौर्णिमेस राखी टपालाने आली.

विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक शेजारी त्या आठवड्यात आले. त्यांनी आमची पिवळी बाटली पाहिली आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही वासावर गेलात. हा दर्प क्लोरीन जास्त झाल्याचा नव्हे, कमी पडल्याचा.”

त्यांनी जे समजावले ते येथे थोडक्यात देतो, कारण हौद नसला तरी पोरे कोठे ना कोठे पोहावयास जातातच. माणसाचा घाम, लघवी, अंगावरचे तेल यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाचे पदार्थ होतात. डोळे झोंबतात ते त्यांनी, आणि वासही त्यांचाच. जंतू मारण्याचे काम मोकळा क्लोरीन करतो, बांधला गेलेला क्लोरीन जवळजवळ निकामी. आमचे पिवळे थेंब मोकळा आणि बांधलेला असा भेद करीतच नव्हते, दोहोंची बेरीज दाखवीत होते. ज्या परीक्षेत पाणी गुलाबी होते तिच्यात हे दोन्ही निरनिराळे मोजता येतात. मोकळा क्लोरीन लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम असावा आणि बांधलेला होता होईतो शून्याजवळ.

दुसरी गोष्ट पीएचची, ज्यास पाठ्यपुस्तकांत सामू म्हणतात. तो 7.2 ते 7.8 च्या दरम्यान हवा. सामू 7.5 असता मोकळ्या क्लोरीनपैकी निम्मा भाग हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, आणि जंतुनाशक खरा तोच. सामू 8 झाला की हा भाग पाव उरतो. म्हणजे औषध तेवढेच, गुण मात्र निम्मा! हा सामू दररोज इकडेतिकडे उडू नये म्हणून पाण्यास क्षारतेचा आधार लागतो, तो लिटरमागे 80 ते 120 मिलिग्रॅम. त्यासाठी लागतो स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडाच. आमच्या हौदात क्षारता दहाने वाढवावयास साधारण साडेसहाशे ग्रॅम सोडा पुरतो. वाण्याने प्रथम एवढा सोडा एकदम मागितला तेव्हा ढोकळ्याचे दुकान काढता काय, असे विचारले होते.

परंतु आमचे मुख्य पाप निराळेच निघाले. त्या वड्यांत क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्ल असते. ऊन क्लोरीनचा नाश करते. वैशाखातील भर दुपारी उघड्या पाण्यातील क्लोरीन तासाभरातच निम्म्याखाली येतो. हे आम्ल त्यास छत्रीसारखे सांभाळते, म्हणून लिटरमागे 30 ते 50 मिलिग्रॅम ते हवेच. अडचण अशी की क्लोरीन खर्च होतो आणि हे आम्ल उरते. आठवड्यास 600 ग्रॅम वड्या म्हणजे 38 हजार लिटरमध्ये रोज सुमारे दोन मिलिग्रॅम क्लोरीन. सतरा आठवड्यांत त्याबरोबर जवळजवळ दीडशे मिलिग्रॅम आम्ल जमा होते. छत्री इतकी जड झाली की तिच्याखाली क्लोरीनास हालचालच करता येईना. मोजमापात तो असे, कामात नसे.

हे आम्ल मोजण्याची रीत गमतीची आहे. काचेच्या नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो. पाण्यात औषध मिसळले की ते पांढरे होते. ते हळूहळू नळीत ओतावे आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून पट्टी वाचावी. आमच्या नळीत तो ठिपका इतक्या लवकर नाहीसा झाला की पट्टीवरचा आकडाच संपला. निम्मे साधे पाणी मिसळून पुन्हा मोजावे लागले. वरून पाहताना पांढऱ्या पाण्यात तो ठिपका बुडाला, तेव्हा आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही.

या आम्लावर औषध नाही. पाणी काढून नवे भरणे एवढाच इलाज. परंतु मे महिन्यात वीस-तीस हजार लिटर पाणी कोठून आणावे? गल्लीत टँकर येत होते. अशा दिवसांत हौद रिता करून पुन्हा भरणे आमच्याने झाले नाही. फाटकास कुलूप लावले, हौदावर जाळे ताणले, आणि डासांची पैदास होऊ नये म्हणून पंप व औषध तेवढे चालू ठेवले.

जुलैत पाऊस लागला. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर शंभर लिटर पाणी होते. पहिल्या दोन सरी गच्ची धुऊन वाहू दिल्या आणि मग पन्हळीचे तोंड हौदाकडे वळविले. क्लोरीन पुरता उतरल्याचे पाहून जुने पाणी थोडेथोडे पंपाने बाहेर काढले. हौद एकदम रिकामा करू नये. पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी वर आले तर रिकामा हौद खालून उचलला जाऊन तडकू शकतो. आमच्या बोअरचे पाणी अतिशय जड, फरशीवर पांढरा थर बसविणारे, म्हणून पावसाचे मऊ पाणी दुहेरी उपयोगी पडले. फार मऊ पाणी फरशीच्या सांध्यांतील सिमेंट खाते, तेव्हा दोन्ही मिसळून मध्य साधावा लागला. गणेशचतुर्थीपर्यंत आम्ल पन्नासाखाली आले.

वड्या बंद केल्या. आता दिवेलागणीच्या सुमारास, ऊन गेल्यावर, द्रव क्लोरीन मापाने घालतो. त्याने सामू वर जातो, म्हणून अधूनमधून आम्ल घालावे लागते. ते बादलीभर पाण्यात सोडावयाचे, आम्लात पाणी कधीही ओतावयाचे नाही. आम्ल आणि क्लोरीन यांस एक बादली, एक माप, एक कपाट देऊ नये. दोहोंचा संयोग झाला तर विषारी वायू निघतो. दोन कपाटे आम्ही हौदाच्या दोन टोकांस ठेवली आहेत, नोकरमाणसांस त्याचे हसू येते.

धूळवादळानंतर पाणी गढुळले की आईची तुरटीही चालते. ती रात्री मिसळून पंप बंद ठेवावा, सकाळी तळाचा गाळ नळीने ओढून बाहेर टाकावा, गाळणीतून नेऊ नये. तुरटीने क्षारता उतरते, तेवढी सोड्याने भरून काढावी. आईस यातील काही ठाऊक नव्हते. पाणी निवळेपर्यंत ती हंड्याला हात लावू देत नसे, एवढे मात्र आठवते.

पाच फुटांच्या टोकास तळात आता चार काळ्या फरशा बसविल्या आहेत. काठावर उभे राहून त्या चारी कडा स्पष्ट दिसल्या तरच फाटकाचे कुलूप निघते. एरवी पाहुणे कितीही दुरून आले असोत, निघत नाही. यावरून नातेवाइकांत आमची थोडी अपकीर्ती झाली आहे. एकदा मुंबईची मंडळी टॉवेल खांद्यावर टाकून परतली, ती अद्याप टोमणे मारतात.

2016 च्या जूनमध्ये ताई आल्या. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग त्या एकट्याच उठून हौदापाशी गेल्या आणि बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. परत आल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, “चौथी फरशी जरा तिरकी बसली आहे.”

नातू आता सतरा वर्षांचा आहे, उत्तम पोहतो. सुट्टीत येतो तेव्हा कपडे बदलण्याआधी खोल टोकापाशी जाऊन उभा राहतो. चारी कडा दिसल्या की मागे वळून आमच्याकडे किल्ली मागतो.