योनाचा चौथा अध्याय

चि. बेबीस,



तुझे पत्र पावले. रविवारच्या शाळेतील धाकटा वर्ग यंदा तुझ्या हाती आला याचा संतोष वाटला. प्रत्येक गोष्टीअखेर मुलांकडून तात्पर्य पाठ करून घ्यावे किंवा कसे, हा तुझा प्रश्न. त्यावर माझा अभिप्राय असा की, ते मुळीच करून घेऊ नये. पवित्र शास्त्रातील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, उद्या मुलगा देवाच्या आज्ञांचा हेतू विचारू लागला तर बापाने काय सांगावे, याचा स्पष्ट हुकूम आहे. तेथे बापाने आज्ञांवर व्याख्यान द्यावयाचे नसून, आम्ही मिसरात फारोचे दास होतो येथून आरंभ करून सुटकेची हकिकत सांगावयाची आहे. यार्देनेच्या पात्रातून उचललेले बारा धोंडे गिलगालात मांडले गेले, तेही मुलांनी कुतूहलाने विचारावे आणि वडिलांनी गोष्ट सांगावी, एवढ्याचसाठी.

आता योना संदेष्ट्याचेच पाहा. आपल्याकडे ही गोष्ट बहुधा माशाच्या पोटातून तो कोरड्या भूमीवर येताच संपविली जाते, आणि ‘देवाची आज्ञा मोडू नये’ असा शेरा मारून दप्तर बंद होते. वास्तविक पुस्तक आहे चार अध्यायांचे. नगराच्या नाशाला चाळीस दिवसांची मुदत असल्याचे योनाकडून ऐकून निनवेचा राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, माणसांबरोबर जनावरांनीही गोणपाट पांघरावे असे फर्मान काढतो (येथे मुले हसतील, खुशाल हसू दे), नगरावरील अरिष्ट टळते, आणि ज्याच्या उपदेशाने हे घडले तो संदेष्टाच संतापून मरण मागतो! निनवे हे अश्शूरांचे महानगर, आणि त्याच अश्शूरांनी इ.स.पू. 722 च्या सुमारास शोमरोन घेऊन इस्राएलाचे उत्तरेकडील राज्य बुडविले, हे ध्यानी घेतले म्हणजे हा संताप अगदीच अनाकलनीय राहत नाही. आपल्याला छळणाऱ्या मुलास गुरुजींनी माफी दिली की पोटात जे होते, ते तुझ्या वर्गातील प्रत्येक पोरास ठाऊक आहे. मग एका रात्रीत वाढलेला वेल, त्यास लागलेला कीडा, पूर्वेचा झळांचा वारा, आणि अखेर देवाचा तो सवाल: ज्याच्यासाठी तू श्रम केले नाहीस त्या वेलाची तुला कणव येते, तर उजवाडावा हात न कळणारी 1,20,000 माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या या नगराची मला येऊ नये काय? योनाचे उत्तर शास्त्रात नाही. पवित्र शास्त्राने जो निकाल तहकूब ठेवला, तो आपण घाईने देऊ नये; शत्रूवरही देवाची दया असते हा विश्वास मुलांनी त्या सवालाशी झटून स्वतःच मिळवावा.

सरसकट सर्वच कथा मात्र धाकट्यांस सांगू नयेत. मोरिया पर्वतावर बापाने इसहाकावर सुरी उगारल्याची कथा सहासात वर्षांच्या मुलास ऐकविणे मला निर्दयपणाचे वाटते. ती दहाबारा वर्षांच्या वयापर्यंत थांबू शकते.

सांगण्याच्या रीतीसाठी परक्या चित्रपुस्तकांवर विसंबण्याचे कारण नाही. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सने सृष्टीपासून ख्रिस्तापर्यंतची कथा मराठी ओव्यांत रचली, आणि ते ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तनाचा आश्रय केला. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण उरकतो आणि उत्तररंग आख्यानाला देतो. तूही बोध करावयाचाच असेल तर आधी थोडक्यात आटप, आणि मुलांना गोष्टीसह घरी जाऊ दे.

येत्या रविवारी योना चारही अध्यायांसह सांग, तो सवाल मुलांपुढे ठेव, आणि ती काय उत्तरे देतात ते मला सविस्तर लिही.

तुझा,
मामा