उतरत्या पाण्याची मच्छी

सेनगावात समुद्र येतो तो गोणपाटावर पसरून. आठवडी बाजारात भाजीची ओळ संपली की मिरची-हळदीच्या राशी लागतात, आणि त्यांच्याही पुढे, वारा गावाबाहेर जातो त्या कडेला, सुके बोंबील, सुकट, जवळा घेऊन बायका बसलेल्या असतात. वसई-वर्सोव्याकडे बांबूच्या वलांड्यांवर वाळलेला बोंबील इथवर पोहोचतो तेव्हा त्याच्यातलं पाणी कधीच उडून गेलेलं असतं. राहिलेलं असतं मीठ आणि वास. इथलं गिऱ्हाईक त्याला किलोत मोजत नाही, अमुक रुपयांचं द्या म्हणतं. तव्यावर भाजायचं, लसूण-तिखटात ठेचायचं आणि भाकरीवर घ्यायचं. पश्चिमेचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी इथून चारशे किलोमीटरांच्या पलीकडे. ज्यांनी समुद्र डोळ्यांनी पाहिला, त्यांतल्या कितीकांनी तो सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेल्यावर पाहिला, कुणी मंत्रालयातल्या फायलीमागे गेल्यावर.

पावसाचं पाणी समुद्राला जातं, तेही या किनाऱ्याकडे पाठ फिरवून. तालुक्याच्या दक्षिणेकडचं पाणी पूर्णेतून गोदावरीला मिळतं. उरलेलं कयाधू आणि पैनगंगेतून वर्धेला, तिथून प्राणहितेला जातं, आणि सिरोंच्याजवळ शेवटी त्याच गोदावरीत येतं. एकाच माळाच्या दोन उतारांवर पडलेल्या पावसाला पुन्हा एक व्हायला विदर्भाची अशी प्रदक्षिणा पडते. मुरमाड माळ, सोयाबीन, तूर, जिथे विहिरीला पाणी तिथे हळद, आणि मार्चपासून टँकरची चर्चा. अशा मुलखात मच्छी खायला जाणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगून समजायचं नाही.

ताजी मच्छी हवी तर सेनगावहून जिंतूरच्या रस्त्याला लागायचं. चढउतारांचा रस्ता, दोन्ही बाजूंना पळस आणि साग, आणि मग एका वळणावर अचानक पाणी. येलदरी. अजिंठ्याच्या डोंगरांत उगवलेली पूर्णा इथे अडवली आहे. धरण १९६८ साली पूर्ण झालं. पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच असलेलं वीजघर, खालच्या अंगाला जोडीचं सिद्धेश्वर धरण. तेव्हा हे सगळं परभणी जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला आणि जिल्ह्याची हद्द पाण्यातून गेली. भिंत जिंतूर तालुक्यात, समोरचा काठ सेनगावकडे. मासे अर्थात ही हद्द पाळत नाहीत, आणि जाळं टाकणाराही फारशी पाळत नसावा.

धरणाचं पाणी उताराने जायचं, म्हणून ते गेलं खाली वसमत, परभणी, नांदेडच्या रानांत. तिकडे ऊस आला, केळी आली. वरच्या काठावरच्या शिवारांच्या वाट्याला राहिलं ते पाण्याचं दर्शन. आणि मच्छी.

काठाकडच्या रस्त्यांवर पत्र्याची शेडं असतात, तसंच एक. बाहेर रंगवलेला मासा, जो कुठल्याच जातीचा नाही. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, सिमेंटचा ओटा, कोपऱ्यात रांजण, भिंतीवर मागच्या वर्षीचं कालनिर्णय. मेन्यूकार्ड नाही. आत शिरलं की थेट बादलीपाशी जायचं आणि विचारायचं, आज काय आलंय? कटला, रोहू, कधी वाम, नशीब असेल तर मरळ. चिलापी असतेच, पण ती कुणी मुद्दाम सांगत नाही. कुठल्याशा ओल्या फडक्याखाली झिंगे असतात, ते ओळखीच्यालाच दाखवतात.

"मरळ हाय का, मामा?"

"सकाळी होती. नांदेडवाले घेऊन गेले. वाम घ्या, जिती हाय."

मरळ हा इथला मानाचा मासा. काटे कमी, मांस घट्ट, आणि हवेतला श्वास घेता येत असल्यामुळे पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरणारा. म्हणून बाजारात तो जिवंत दिसतो आणि त्याचा भाव कधी पडत नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळापासून हैदराबादशी जी नाती राहिली, त्यांत हा मासाही आहे. तेलंगणाने त्याला राज्याचा मासा केलंय. मृग नक्षत्र निघालं की हैदराबादेत दम्याचं औषध मरळीच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात घालून रुग्णाला गिळायला देतात, आणि त्या रांगेत आपल्याकडचे लोकही उभे असतात. दमा जातो का, हे डॉक्टरांना विचारावं. ते नाहीच म्हणतील. पण पेरणीच्या तोंडावर, हातात पैसा नसताना, रात्रभर प्रवास करून जाणाऱ्याला विचारलं तर तो मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो.

मासा काट्यावर चढतो, भाव ठरतो, मग तो मागे जातो. मागे बाई बसलेली असते. राख लावून माशाचा बुळबुळीतपणा घालवते, खवले उलट्या हाताने उडवते आणि विचारते, डोकं ठेवायचं का? कटल्याचं डोकं ठेवायचंच. अर्धा तुकडा तव्यावर, अर्धा रश्शात, अशी वाटणी सांगून माणसं बाहेर येतात आणि पाण्याकडे तोंड करून बसतात.

हे मला नेहमी बघत राहावंसं वाटतं. शेडमध्ये पंखा आहे, सावली आहे, तरी खुर्च्या ओढल्या जातात त्या पाण्याच्या बाजूला. कुणाला पोहायचं नसतं, होडीत बसायचं नसतं, फोटोही दोन-चार काढून होतात. नुसतं बघायचं असतं. ज्याच्या घरी चार दिवसांआड नळ येतो त्याला एवढं पाणी एका जागी पसरलेलं दिसलं की तो बराच वेळ काही बोलत नाही. पुण्या-मुंबईचा माणूस अशा ठिकाणी 'व्ह्यू' शोधतो. इथला माणूस मनातल्या मनात हिशेब करतो, भिंतीवरच्या खुणा किती उघड्या पडल्या, कुठलं टेकाड वर आलं. स्वयंपाक व्हायला पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासासाठीच तर आलेले असतात सगळे.

मग ताट येतं. ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू, तळलेले तुकडे आणि खोल वाटीत रस्सा, वर तेलाची तर्री. खोबरं भाजून वाटलेलं आहे, काळं तिखट आहे, आणि माशाला आधी चोळून ठेवलेली हळद. हळदीत हा जिल्हा कुणाला हार जात नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि हिंगोलीत हळदीच्या मार्केट यार्डाला नावच संत नामदेवांचं आहे. कोकणातल्या कालवणात पडणारी चिमूटभर हळद इथून गेलेली असू शकते, एवढं तरी देणं आपण त्या बोंबलाचं फेडतो.

किनाऱ्याकडची पाहुणे मंडळी पहिल्या घासाला नाक आक्रसतात. गोड्या पाण्याच्या माशाला मातीचा वास येतो म्हणतात. येतो, खोटं कशाला बोला. साठलेल्या पाण्यातले आणि गाळातले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते माशाच्या मांसात उतरतं, आणि माणसाचं नाक त्या द्रव्याच्या बाबतीत इतकं तीक्ष्ण आहे की अब्जावधीत काही कण असले तरी ते ओळखतं. आंबटाने हे द्रव्य मोडतं. म्हणून लिंबू, म्हणून चिंच. बायकांना हे प्रयोगशाळेआधी ठाऊक होतं. पण मौज पुढे आहे. पहिला पाऊस तापल्या ढेकळांवर पडतो तेव्हा जो वास उठतो, त्यातही हेच जिओस्मिन असतं. म्हणजे ज्या वासाला पाहुणे नाक मुरडतात, त्याच वासासाठी आमचा शेतकरी जूनमध्ये बांधावर उभा राहून आभाळ हुंगत असतो. मला तर त्या तुकड्यावर लिंबू जरा कमीच पिळावंसं वाटतं.

पाहुण्यांना आणखी एक गंमत सांगायला हवी. ताटातलं हे सगळं 'येलदरीचं' म्हणून खाल्लं जातं, पण कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. वाहत्या पुरात अंडी घालायची त्यांची रीत. धरणाच्या थांबलेल्या पाण्यात ते पोसतात, पण वंश सहसा वाढवत नाहीत. पूर्वी त्यांची पिल्लं बंगाल-बिहारच्या नद्यांतून गोळा करून आणावी लागत. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना तळ्यात अंडी घालायला लावलं, आणि मग मत्स्यबीज हवं तिथे तयार होऊ लागलं. ती तारीख आता देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज मच्छीमारांची संस्था धरणाचा ठेका घेते, पावसाळ्यात बोटाएवढी बोटुकली सोडते आणि वर्षभर वाट बघते. चिलापी तर मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आलेली. तिला कुणी सोडावं लागत नाही. मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि कुठल्याही डबक्यात संसार थाटते. ती स्वस्त म्हणून तिला मान नाही, पण धरणकाठच्या गरिबाच्या चुलीवर जास्त वेळा तीच असते. आणि हॉटेलात गर्दी वाढली, जाळ्यात काही आलं नाही, तर मागच्या दाराने थर्माकोलच्या पेटीतला, बर्फात झोपलेला आंध्राचा रोहूही येतो. सांगत नाहीत, डोळा बघून ओळखायचं.

म्हणजे इथलं काय, तर रस्सा, भाकरी आणि भूक. मला ते पुरेसं वाटतं. पूर्णेच्या डोहांतले जुने मासे, भोयांच्या आज्यांना नावानिशी माहीत असलेले, ते आता बादलीत क्वचितच दिसतात. त्यांची हळहळ वाटते, पण ती हळहळ तोंडात भाकरी असताना करायची नसते.

मच्छीमार भोई, कोळी. पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, हाताच्या वल्ह्यांनी, एक माणूस एवढ्या पाण्यावर जातो. काठावरून बघताना तो पाण्यावर नुसता बसलेलाच दिसतो, खालचं थर्माकोल दिसत नाही. वारा सुटला तर परतणं अवघड. अशा एकाला धंद्याचं विचारलं तेव्हा तो म्हणाला ते मी बाकीच्या सगळ्या माहितीपेक्षा जास्त घोळवलंय.

"धरण भरलं की मच्छी पांगती, दादा. जाळ्याला घावत नाही. आता पाणी उतरायलंय, आता बघा."

खरंच आहे. श्रावण-भाद्रपदात येलदरी भरते तेव्हा मासा खोल पाण्यात, दूरवर विखुरतो. संक्रांतीनंतर कालव्यांना आवर्तनं सुटतात, वीजघर फिरतं, ऊन तापतं. पाणी काठ सोडून आत सरकायला लागतं. तितकाच मासा कमी जागेत दाटतो. एप्रिल-मेमध्ये बादल्या भरलेल्या, भाव उतरलेला. म्हणजे गावात टँकर सुरू होतो त्याच दिवसांत ताटातला तुकडा मोठा होतो. ज्या सालांत पावसाने पाठ फिरवली, त्या सालांत तर एका डबक्यात सगळं धरण गोळा होऊन येतं आणि एका मोसमात दोन मोसमांची मच्छी निघते. पुढच्या वर्षी मग सोडायला बीज आहे पण बीजाला पाणी नाही. भरपूर पाण्याच्या सुखाने आपण ज्याच्यावर ताव मारतो ती पाणी संपत आल्याची खूण असते. शेडवाल्याला हे पक्कं माहीत आहे. उन्हाळ्यात त्याचा गल्ला भरतो तेव्हा तो फार खुशीत दिसत नाही. त्याचंही सोयाबीन वरच्या माळावर आहे.

पाण्याकडे बघत बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर ही गोष्ट असते, असं मला वाटतं. उघड कुणी बोलत नाही. मेच्या दुपारी काठ आणि पाणी यांच्यामध्ये भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो, त्यावर कुणी कलिंगडं लावलेली असतात, म्हशी उभ्या असतात. खुर्च्या मात्र ओढलेल्या त्याच बाजूला.

या सगळ्याच्या जोडीला इथे तुळशीची माळ आहे. सेनगावहून हिंगोलीच्या रस्त्याला कयाधूच्या काठी नर्सी, नामदेवांचं जन्मगाव. दर दुसऱ्या घरात एखादा माळकरी. त्यामुळे मच्छी घरात शिजायची नाही, निदान म्हातारा जिवंत असेतो नाही. शिजली तर अंगणात वेगळी चूल, वेगळी कढई, आणि ती कढई गोठ्याच्या आढ्याला टांगलेली. एकादशी गेली, सोमवार गेला, श्रावण सगळाच गेला. मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, या रस्त्यावर मोटारसायकलींची रांग लागते. पाण्याकाठच्या शेडांचा धंदा जितका माशांवर चालतो तितकाच या माळांवर. घरी चालत असतं तर एवढ्या लांब कोण आलं असतं?

एकदा अशाच रांगेत एक घर आलं होतं. दोन मुलगे, सुना, नातवंडं, आणि फेटा बांधलेले, गळ्यात माळ असलेले आजोबा. त्यांना घरी एकटं कुठे ठेवायचं म्हणून आणलेलं असावं. शेडवाल्याने माळ बघितली आणि आत आवाज दिला, "माळकरी हाय, चुलीवरचं पिठलं टाका, भांडं दुसरं घ्या." आजोबांची खुर्ची सगळ्यांपासून जरा लांब, पण पाण्याच्या अगदी समोर ठेवली. पिठलं आलं, त्यांनी हात जोडून घास घेतला. नातू ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसला, कटल्याचा तुकडा हातात तसाच. मुलाने त्याला दटावून परत बोलावलं.

"राहू दे," आजोबा म्हणाले, "काटे मी काढून देतो त्याला. तुला येतात का काढता?"

मुलगा गप्प. माळ घालण्याआधीचं आयुष्यही आजोबांचं या नदीच्या काठीच गेलेलं होतं. त्यांनी उपरण्याने हात पुसला, तुकडा पोराच्या ताटातच उलटा केला आणि पाठीच्या बाजूने बोट फिरवून काट्याची रांग एका ओढीत वर काढली.

"रोहू असता तर वेळ लागला असता," ते म्हणाले आणि शेडवाल्याकडे हात धुवायला पाणी मागितलं.