कोड खुला आहे, कान कुणासाठी उघडे आहेत?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो. म्हणून त्यामागचा समुदायही आपोआप सर्वांसाठी खुला असतो, असे मानले जाते. हे खरे नाही. दार उघडे असणे वेगळे आणि आत आलेल्याचे म्हणणे ऐकले जाणे वेगळे. हा फरक समाजशास्त्राच्या पुस्तकाआधी आपल्याला अनुभवाने शिकवला आहे.

मी या सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही. आमच्या छोट्या संस्थेला लायसन्सचे पैसे परवडत नाहीत. शिष्यवृत्तीचे अर्ज, बचत गटांच्या याद्या आम्ही अशाच एका मोफत ऑफिस सॉफ्टवेअरवर करतो. त्यात पीडीएफ केली की कुऱ्हाडे, गोऱ्हे अशी आडनावे तुटत होती. अर्जावरचे नाव आधारवरच्या नावाशी जुळले नाही तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. ही चूक सर्वात आधी आमच्याकडे नोंदी ठेवणाऱ्या ताईंनी पकडली. पण तक्रार करायची तर इंग्रजी हवे, खाते हवे, आवृत्तीचा क्रमांक हवा, नमुना फाइल हवी. ताई म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच लिहा." मी लिहिले. उत्तर आले, 'आमच्याकडे नीट चालते', आणि तक्रार बंद. पुन्हा लिहिल्यावर दुसऱ्या एका स्वयंसेवकाने तीनच साधे प्रश्न विचारले: फॉन्ट कोणता, पडद्यावर कसे दिसते, कागदावर कसे येते? ताईंनी पाच मिनिटांत उत्तरे दिली आणि दोष फॉन्टमध्ये सापडला. माहिती ताईंकडे होतीच, विचारणारा नव्हता.

यावर ठरलेले उत्तर असते: फुकट वापरता, मग स्वतः दुरुस्त करून पाठवा. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. ज्याच्याकडे इंग्रजी आणि मोकळा वेळ आहे त्याच्या कामाला 'गुणवत्ता' म्हणायचे आणि इतरांच्या अनुभवाला कटकट. 'मेरिटोक्रसी' हा शब्द मायकेल यंग यांनी 1958 च्या पुस्तकात उपहासाने वापरला होता. पुढे लोक तो अभिमानाने मिरवू लागले. मोझिलाने 2018 मध्ये आपल्या कारभाराच्या वर्णनातून तो काढून टाकला. डेबियनने तर 1997 मध्येच आपल्या सामाजिक करारात वापरकर्त्यांना अग्रक्रम दिला आणि दोषांच्या नोंदी सर्वांना पाहता येतील, असे वचन दिले. ही परंपरा मोलाची आहे. पण जी तक्रार भाषेअभावी नोंदवलीच गेली नाही, ती कुणाला दिसणार?

स्वयंसेवक बिनपगारी राबतात आणि काही वापरकर्ते त्यांच्यावर विनाकारण ओरडतात, हे मान्य. म्हणूनच ऐकण्याचे काम उरलेल्या वेळात ढकलू नये. तक्रार मातृभाषेत घेतली जावी. बंद करताना कारण साध्या शब्दांत कळवावे. तक्रारी समजून घेणाऱ्याला कोड लिहिणाऱ्याइतकाच मान मिळावा.

आणि आपल्या वस्त्यांतून शिकून आयटीत गेलेल्या मुलामुलींनो, कोड लिहायला वेळ नसेल तरी चालेल. महिन्यातून एक तास अशा एखाद्या ताईंजवळ बसा, त्यांची अडचण इंग्रजीत नोंदवा आणि आलेले उत्तर मराठीत त्यांच्यापर्यंत पोहोचवा. वापरणारा गप्प आहे म्हणजे समाधानी आहे, असे समजण्याची सोय कुणालाच राहता कामा नये.