चक्रातला दोष कुठे शोधायचा? फीडबॅकच्या उकलीचा इतिहास (थ्रेड)

१/ सभामंडपात वक्ता माईक हाती घेऊन कर्ण्यासमोर आला की कानठळ्या बसवणारी शीळ उठते. कर्ण्यातला आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडतो आणि पुन्हा माईककडे परततो. या चक्रालाच फीडबॅक म्हणतात. मग दोष कुणाचा? माईक, तार आणि कर्णा वेगवेगळे तपासावेत, तर तिन्ही निर्दोष निघतात.

२/ ध्वनिप्रक्रियेचा प्रोग्राम लिहिणारा आजचा अभियंताही याच कोड्यापाशी अडतो. सरळ मार्गावरचा दोष मागे मागे जात सापडतो. चक्रात मात्र 'आधी' आणि 'नंतर' हा भेदच उरत नाही. परिणामच पुढच्या फेरीचे कारण होतो. या कोड्याच्या उकलीला टेलिफोनच्या तारांपासून सुरुवात झाली.

३/ १९२०च्या दशकात अमेरिकेत दूरपल्ल्याच्या तारांवर आवाज क्षीण होई, म्हणून वाटेत ॲम्प्लिफायर बसवले जात. प्रत्येक ॲम्प्लिफायर आवाज वाढवताना त्यात थोडी विकृती मिसळी. एक-दोन असतील तर ते खपून जाई. पण मालिका लांबली की विकृती साचत जाई आणि बोलणे कळेनासे होई.

४/ बेल लॅबोरेटरीजमधील हॅरॉल्ड ब्लॅक हे २९ वर्षांचे अभियंते याच प्रश्नामागे होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी, हडसन नदी ओलांडणाऱ्या लॅकावाना फेरीबोटीतून कामावर जाताना, त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरील कोऱ्या जागेत एक आकृती आणि काही समीकरणे लिहिली. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, ही ती कल्पना. आवाजाची वाढ घटते, पण विकृती त्याहून मोलाच्या प्रमाणात नाहीशी होते. त्याच वर्षी २९ डिसेंबरला प्रयोगात विकृती एक लाख पटींनी घटली.

५/ तरीही १९२८मध्ये अर्ज केलेले अमेरिकी पेटंट मिळायला १९३७चा डिसेंबर उजाडला. ब्लॅक यांच्या आठवणीनुसार ब्रिटिश पेटंट कार्यालयाने तर हा अर्ज शाश्वत गतियंत्राच्या दाव्यासारखा हाताळला. शंका निराधार नव्हती. चक्रातून परतणारा संकेत मूळ संकेताहून मोठा असेल, तर यंत्र शीळ घालू लागणारच, अशी त्या काळची समजूत होती.

६/ ती समजूत हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२मध्ये दुरुस्त केली. चक्र एका जागी तोडावे, तुटलेल्या एका टोकातून संकेत सोडावा आणि फेरी मारून दुसऱ्या टोकाशी तो किती मोठा व किती मागे पडून येतो, हे प्रत्येक वारंवारतेला मोजावे. त्या मोजमापांच्या आलेखावरून चक्र जोडल्यावर ते स्थिर राहील की नाही, हे आधीच सांगता येते. परतणारा संकेत मोठा असूनही चक्र स्थिर राहू शकते, हेही त्यातून सिद्ध झाले. केवळ बाहेर ऐकून हा निर्णय होणे शक्य नव्हते.

७/ पुढे तारांची जागा आकड्यांनी घेतली. १९६१मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्येच केली, लॉखबाऊम आणि व्हिसॉट्स्की यांनी 'ब्लोडी' या प्रणालीची माहिती प्रसिद्ध केली. मंडलाची आकृती ठोकळ्यांच्या रूपात सांगावी आणि संगणकाने तिचा प्रोग्राम बनवावा, अशी ती सोय होती. यातील केली आणि लॉखबाऊम यांनीच संगणकाकडून 'डेझी बेल' हे गाणे गाऊन घेतले.

८/ इथे एक नवी अडचण आली. तारेत सारे एकाच वेळी घडते. संगणक मात्र एकामागून एक बेरीज करतो. 'अ'ला 'ब'ची आणि 'ब'ला 'अ'ची वाट पाहावी लागली, तर आरंभच होत नाही. म्हणून असा प्रोग्राम चक्रात निदान एका सॅम्पलचा विलंब ठेवतो, म्हणजे मागच्या क्षणाचा आकडा वापरतो.

९/ हा विलंब एका सॅम्पलने चुकला तरी कान ते पकडतो. केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी १९८३मध्ये मांडलेल्या कृत्रिम तारेत सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले, तर १०० सॅम्पलच्या विलंबाने सुमारे ४३८.८ हर्ट्झचा स्वर निघतो आणि १०१च्या विलंबाने ४३४.५चा. आकड्यातली चूक क्षुल्लक, पण स्वर बेसूर.

१०/ मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६१-६२मध्ये अशाच चक्रांतून कृत्रिम घुमारा निर्माण केला. ५० मिलिसेकंदांच्या फेरीत संकेत दर वेळी ०.७ पट होत असेल, तर घुमारा सुमारे एका सेकंदात विरतो. चुकून १.०१ पट झाला, तर आवाज दर साडेतीन सेकंदांनी दुप्पट होतो. अर्ध्या सेकंदाच्या चाचणीत हा दोष दिसतही नाही.

११/ आणखी फसवा दोष आकड्यांच्या मर्यादेचा. १६ बिटांत ३२,७६७मध्ये एक मिळवला की उत्तर −३२,७६८ होते. एबर्ट, मेझो आणि टेलर यांनी १९६९मध्ये दाखवले, की अशा उलथापालथीने फिल्टर बाहेरचा संकेत थांबल्यावरही स्वतःच जोराने दोलन करत राहतो. आकडा उलटू न देता मर्यादेशीच रोखणे, हा त्यांचा उपाय होता. बाहेरचा आवाज मध्यम असतानाही आतील एखाद्या जोडावरचा आकडा मर्यादा ओलांडू शकतो. म्हणून मापक आतही लावावा लागतो.

१२/ उलट टोकालाही धोका असतो. विरत जाणाऱ्या घुमाऱ्यातले आकडे अतिसूक्ष्म होतात, ऐकू येत नाहीत. पण कित्येक प्रोसेसर असे आकडे फार संथपणे हाताळतात. मग ऐन शांततेत प्रोग्राम अडखळतो.

१३/ आत पाहण्याचीही रीत असते. प्रत्येक सॅम्पलला आकडा पडद्यावर छापला, तर ध्वनीचा प्रवाहच तुटतो. म्हणून आतील आकडे स्मृतीत साठवून नंतर पाहतात. किंवा चक्र तोडून एकच ठोका आत सोडतात आणि फेरीगणिक त्याचे काय होते ते नोंदवतात. १९३२ची युक्ती आजही तीच आहे.

१४/ इतिहासाच्या वाचकालाही ही शिस्त परकी नाही. एका ग्रंथातले विधान दुसरा उचलतो, तिसरा दोघांचा दाखला देतो आणि पहिल्याची नवी आवृत्ती तिसऱ्याला आधार मानते. चार फेऱ्यांत कुजबुजीची गर्जना होते आणि प्रत्येक ग्रंथ सुटा पाहिला तर साधार वाटतो. अशा वेळी आवाज किती मोठा आहे हे मोजून भागत नाही. चक्र कुठेतरी तोडून, ते विधान पहिल्यांदा कुठून आत आले हे पाहावे लागते.