कोयत्याचा मालक कोण?

युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड

चि. भाऊस,


पत्र मिळालं. मार्क्सचा कामगार गिरणीतला आणि चाळीतला. आपला ऊसतोड्या मात्र दोन एकरांचा धनी, अर्धं वर्ष घरी, अर्धं वर्ष फडावर, मत टाकताना जात बघणारा, तेव्हा त्याला वर्ग कसं म्हणायचं, असं तू विचारलंयस. मला हे मुळीच पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मताचं बघ. ह्याच बीडनं १९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत पाठवलं. ते तर परजिल्ह्यातले. १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. आपल्या आजोबांच्या पिढीला जात नव्हती असं नाही. पण पोटाचा प्रश्न घेऊन कुणी दारी आलं, तर लोक त्याचंही ऐकत होते.

तू ठेवून गेलेला मार्क्सच्या ‘भांडवल’चा पहिला खंड उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचला. सगळा कळला असं नाही. पण इंग्लंडच्या शेतमजुरांवरच्या पानांशी मी अडकून पडले. तिथं टोळ्या असत, दहापासून चाळीस-पन्नास जणांच्या. बाया आणि पोरंच जास्त. टोळीचा म्होरक्या शेतमालकाकडून काम अंगावर घ्यायचा, आणि कमी दिवसांत टोळीकडून किती काम उपसून घेतो यावर त्याची मिळकत ठरायची. हा आपला मुकादमच की रे! ते पुस्तक छापलं गेलं त्याच १८६७ साली इंग्लंडात अशा टोळ्यांवर कायदा झाला: आठ वर्षांखालचं मूल कामाला लावायचं नाही, म्होरक्याला परवाना पाहिजे. आणखी एका तळटीपेत मेक्सिकोची गोष्ट आहे. कामातून फेडायची आगाऊ रक्कम देऊन तिथं माणूस बांधून घ्यायचे, आणि ते देणं बापाकडून पोराकडे जायचं. आपल्याकडे तिलाच उचल म्हणतात.

उचल कशी दिली जाते ते मी दर पावसाळ्यात बघते. पेरणीला पैसा नसतो, लेकीचं लग्न झालेलं असतं, दवाखाना झालेला असतो. मुकादम ओट्यावर बसतो, नोटा मोजतो, बाँडवर नवऱ्याची सही घेतो. बायको दारामागून ऐकत असते. तिला कुणी विचारत नाही, तिची सही लागत नाही, पण कोयता धरला जातो तो दोघांचा मिळून. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते, पहाटे भाकरी तीच थापते, आणि हिशेब होतो तो नवऱ्याच्या नावावर. मार्क्स मला इथं अपुरा वाटतो. मुकादम त्यानं ओळखला, पण ह्या अर्ध्या कोयत्याचं मोल करायला आपल्याला दुसरी माणसंही लागतात. कॉम्रेड शरद पाटलांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला तो ह्याच विचारानं, की ह्या देशात फुले-आंबेडकरांना वगळून मार्क्स पुरायचा नाही.

खाडा म्हणजे काय ते तुला माहीत आहे. एक दिवस काम बुडालं की पैसे कापले. पाळीत दुखतंय, ताप आहे, तरी खाडा तो खाडाच. म्हणून बाया पिशवी काढून घेतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आपल्या जिल्ह्याचे आकडे आले: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. हे आकडे मी वर्गाच्या फळ्यावर लिहू शकत नाही, कारण समोर बसलेल्या निम्म्या पोरांच्या आया त्यात असतील.

आता लढ्याचं. ऊस उभा राहिला की वाळतो, साखरेचा उतारा घटतो, कारखान्याला थांबणं परवडत नाही. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास कोयता बंद ठेवण्याइतकी ताकद क्वचितच कुठल्या कामगाराकडे असेल. पण तेव्हा उचल घेऊन, खाऊन संपलेली असते. संप करायचा तर कुणाविरुद्ध? ज्याचं देणं अंगावर आहे तोच मुकादम मोर्च्यात पुढं असतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला करार झाला, ३४ टक्के वाढ मिळाली, टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले, आणि मुकादमाचं कमिशनही १९ वरून २० टक्के झालं. वाढ खरी आहे, लढून मिळालेली आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण हंगाम तेव्हा निम्मा उलटून गेला होता. जोडप्यानं दिवसाला दोन टन तोडला तरी दोघांत मिळून ७३२ रुपये होतात. आणि दर टनावर असल्यानं मागं उभं राहून हाकणारा लागत नाही. माणूस स्वतःच स्वतःला पिळतो. अंगावरच्या कामाच्या मजुरीवर मार्क्सचं वेगळं प्रकरण आहे, ते वाच.

मला ह्यात खरी गाठ एकच दिसते: मालक कोण, हे ठरलेलं नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मीही कर्जच काढून तुम्हाला पैसे दिलेत. फडात साप चावला, गाडी उलटली, तर दाद मागायची ती कुणाकडे? कोयत्याचं नाव कारखान्याच्या दप्तरात चढेपर्यंत दर कितीही वाढला तरी हा माणूस कुणाचाच कामगार नाही. तुला वर्ग दिसत नाही, त्याचं कारण मला हे वाटतं. कागदावर त्याला वर्ग होऊच दिलेलं नाही.

म्हणून तुझ्याकडून एक काम हवं आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं ओळखपत्र नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं मिळावं यासाठी गावातल्या बाया अर्ज करायला तयार आहेत. नमुना सोप्या मराठीत लिहून पाठव. मुकादमाचं आणि कारखान्याचं नाव लिहायला त्यात वेगळी ओळ ठेव. पोळ्याच्या आत मिळाला पाहिजे. गाड्या भरायला लागल्या की सह्या घ्यायला कुणी सापडत नाही.

तुझी,
ताई