आळस म्हणायचे मी त्याला

दादा आळशी झालाय, असं मी सात वर्षं मानलं. मनात ठेवलं असतं तर निदान त्याच्या कानावर पडलं नसतं. मी ते त्याच्या तोंडावर बोलले, पाहुण्यांसमोर बोलले. आणि डॉक्टरांसमोर मात्र, "आता बरा आहे, काही त्रास नाही," असं सांगून दर महिन्याला गोळ्यांची चिठ्ठी घेऊन घरी यायचे.

आजार सुरू झाला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. शेजारचे लोक भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात, असं सांगू लागला. रात्री उठून त्यांना उत्तरं द्यायचा. आधी बाहेरचं पाहणं झालं, गंडेदोरे झाले, मग नागपूर. चार महिन्यांत ओरडणं थांबलं. पुढे कधीतरी मी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट पाहिला, २००४ सालचा. अतुल कुलकर्णींच्या शेषला सांभाळणारी त्याची बहीण पाहून मी खूप रडले. आपलं हे सगळं मागे पडलं, असं तेव्हा वाटलं होतं. दादाचे आवाज गेले होते ना.

पण दादा सकाळी ओट्यावर बसला की दुपारपर्यंत तिथेच असायचा. आंघोळीला चारदा सांगावं लागे. मोर्शीहून मामा संत्री घेऊन आले की पूर्वी पहिलं फळ हाच सोलायचा. आता पिशवीकडे बघायचाही नाही. चुलत बहिणीचं लग्न बडनेऱ्याला, घरापासून अर्ध्या तासावर. आला नाही. मी चिडले, तर आई म्हणाली, "त्याले काही म्हनू नको वं, बिमार हाय तो."

"आवाज गेले न त्याचे? मंग कायची बिमारी?" हे माझं उत्तर. तो चार हातांवर बसलेला होता.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अमरावती सोडली आणि आम्ही एका बाई डॉक्टरांकडे जाऊ लागलो. त्यांनी पहिल्याच भेटीला पाऊण तास घेतला. संत्रं आणि केळं यांत सारखं काय, असं विचारलं. मग, "नाचता येईना अंगण वाकडे, म्हणजे काय हो?" दादा बराच वेळ थांबून म्हणाला, "अंगण सरळ करून घ्या लागते." मला शरम वाटली आणि रागही आला. बी.एस्सी. झालेल्या माणसाला म्हणी कसल्या विचारता? समोर तीस कलमांचा तक्ता होता, 'पॅन्स' नावाचा, अमेरिकेत स्टॅन्ली के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडलेला. प्रत्येक लक्षणाला एक ते सात गुण. लक्षण नसेल तरी एक, म्हणजे ठणठणीत माणसाचेही तीस भरतात. माझ्या भावाची बेरीज करतात, एवढंच तेव्हा मला दिसलं.

मग त्यांनी मला विचारलं, "ताई, लग्नाला ते का आले नाहीत? लोकांची भीती वाटली, संशय होता, की जावंसंच वाटलं नाही?"

मला सांगता आलं नाही. एका घरात राहून मी त्याला हे कधी विचारलंच नव्हतं. त्या तक्त्यात ही दोन वेगळी कलमं आहेत. भीतीने माणसं टाळणं एक, आणि माणसांची ओढच न उरणं दुसरं. या दुसऱ्याचे गुण रुग्णाशी बोलून देत नाहीत, घरच्यांच्या सांगण्यावरून देतात. आणि घरची मी, सात वर्षं "बरा आहे" सांगणारी.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: आवाज, संशय ही मुळात नसलेली गोष्ट येते, म्हणून ती पॉझिटिव्ह लक्षणं. इच्छा, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव हे असलेलं जातं, ती निगेटिव्ह. आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव १९०८ साली देणारे स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर तर भास-भ्रमांना दुय्यम मानत. भावना बोथट होणं त्यांच्या लेखी आजाराच्या मुळाशी होतं. मी ज्याला आळस म्हणत होते ते शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं.

मग डॉक्टरबाईंनी दादाचं मनगट आणि कोपर हलकेच वाकवून पाहिलं. काही औषधांनी, विशेषतः जुन्यांनी, अंग ताठरतं, चेहरा हलत नाही, आणि वरून ते उदासीनतेसारखंच दिसतं. नैराश्यही तसंच दिसू शकतं. त्यांनी गोळी बदलली. दोन महिन्यांत दादाची चाल मोकळी झाली. ओढ मात्र फारशी परतलेली नाही. तिच्यावर औषधं कमीच चालतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

आता मी वही ठेवते. मंगळवारी आपणहून चहा मागितला. गुरुवारी ओट्यावरून उठून गल्लीच्या टोकापर्यंत गेला, एकटा. लिहिलेलं त्याला वाचून दाखवते, कारण त्याच्या वतीने बोलणं मी सोडलं आहे. मागच्या आठवड्यात वाचून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला.

"अजून एक लिही," तो म्हणाला. "आवाज अजूनबी येते. पण आता हळू येते."

"मले कधी सांगितलं नाही तू."

"तू बरा आहे म्हनून सांगे न डॉक्टरले."

मी ते तसंच लिहून घेतलं, तारीख घालून.